तापलेले घर आणि विजेचा खर्च



शहरातील विजेच्या उधळपट्टीचा विषय निघाला की दुकानांचे झगमगाट आणि कार्यालयांच्या काचेच्या इमारती आपल्या डोळ्यांसमोर येतात. राहत्या घरांकडे सहसा कोणी बोट दाखवीत नाही. वस्तुतः आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी जवळजवळ चौथा हिस्सा घराघरांत खर्च होतो. ही वीज अद्यापि मुख्यतः दगडी कोळसा जाळून निर्माण केली जाते, आणि तिच्या प्रत्येक युनिटामागे सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो.

या खर्चातील दिव्यांचा वाटा बराच आटोक्यात आला आहे. २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली, एलईडी दिवे स्वस्त झाले, आणि साठ वॅटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले. उष्णतेचा प्रश्न मात्र असा दिवा बदलून सुटणारा नाही. आणि मला आज प्रामुख्याने त्याविषयीच बोलावयाचे आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. त्या एका महिन्यात, एरवीच्या मानाने, १,३४४ मृत्यू अधिक घडल्याचे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. या अनुभवातूनच २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णतेच्या लाटेला तोंड देण्यासाठी कृती आराखडा तयार केला. अशा दिवसांत सावलीला घरी जा, असे आपण सहज सांगतो. परंतु घरच भट्टीसारखे तापले असेल तर माणसाने जावे कोठे?

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दिवसभर उन्हात तापलेला काँक्रीटचा स्लॅब सूर्यास्ताबरोबर निवत नाही. दिवसा शोषलेली उष्णता तो रात्री खालच्या खोलीत सोडत राहतो, आणि पंखा तीच ऊन हवा फिरवीत बसतो. ज्याला परवडते तो वातानुकूलन यंत्र घेतो. दीड टनाचे जुने यंत्र चालू असताना सुमारे वीस साध्या पंख्यांइतकी वीज ओढते. शिवाय खोलीतील उष्णता ते बाहेर, बहुधा शेजाऱ्याच्या खिडकीखालीच, नेऊन टाकते. ज्याला परवडत नाही तो गच्चीवर झोपतो.

यावरील उपाय नवे नाहीत. गच्चीवर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग देणे, अथवा चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या लाद्या बसविणे हे आपल्या गवंड्यांना ठाऊक आहे. अहमदाबादेने २०१७ मध्ये वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच साध्या तत्त्वावर. खिडकीचेही तसेच. काचेतून ऊन एकदा आत आले की उष्णताही आत आली. मग आतला पडदा उजेड अडवितो, उष्णता अडवीत नाही. ऊन बाहेरच अडवावे लागते, आणि ते काम जुन्या इमारतींचे खोल छज्जे निमूटपणे करीत असत. नव्या इमारतींत छज्जे आखडले आणि सरकत्या काचा आल्या. या खिडक्या बहुधा अर्ध्याच उघडतात, ही गोष्ट सदनिका घेताना कितीजणांच्या ध्यानात येते?

घराच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याचे माप केंद्र सरकारच्या 'इको निवास संहिते'ने २०१८ मध्ये घालून दिले. (भाषांतरकाराला हे नाव पाहून गंमत वाटते, ग्रीक आणि संस्कृत येथे एकाच छपराखाली नांदतात.) थंड प्रदेश वगळता, छप्पर सोडून उरलेल्या बाह्यावरणासाठी दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅट ही कमाल मर्यादा आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही या कक्षेत आणल्या. तथापि राज्ये ती आपल्या बांधकाम नियमांत समाविष्ट करीपर्यंत संहिता पुष्कळशी कागदावरच राहते.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. भिंतीचा खर्च बांधणारा करतो आणि विजेचे बिल राहणारा भरतो. पोकळ विटांची भिंत किंवा रुंद छज्जा यांवर बांधणाऱ्याने चार पैसे अधिक खर्चिले, तर ते त्याला परत कोण देणार? ग्राहक क्षेत्रफळ विचारतो, पाणी विचारतो, वाहनतळ विचारतो. पश्चिमेच्या भिंतीविषयी विचारणारा ग्राहक विरळा.

पंख्याचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास, वर्षातून २४० दिवस चालला तर २१६ युनिटे लागतात. बीएलडीसी मोटरचा ३० वॅटचा पंखा ८६ युनिटांत तेच काम करतो. तीन पंखे बदलल्यास वर्षाकाठी सुमारे ३९० युनिटे वाचतात.

गच्चीचा प्रश्न मात्र गृहनिर्माण संस्थेच्या सभेत अडतो. पैसे सर्वांचे आणि थंडावा वरच्या मजल्याचा, असा वाद तेथे हमखास निघतो, आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु गळती थांबविण्यासाठी प्रत्येक संस्थेला केव्हा ना केव्हा गच्चीचे काम काढावेच लागते. वरचा थर पांढरा असावा, एवढे एक कलम त्या वेळच्या निविदेत घातले तर त्यासाठी निराळी वर्गणी क्वचितच लागेल.