अडले कुठे, ते आधी पाहा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात तालीमचे महत्त्व या विषयावर बोलावे असा रिवाज आहे. परंतु ते महत्त्व पटले म्हणूनच तुम्ही पेण, रोहा आणि आसपासच्या गावांतून येथे जमला आहात. पटलेली गोष्ट पुन्हा पटवण्यापेक्षा आज मी एका लहानशा अडचणीविषयी बोलणार आहे. घरातल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उभारून त्यात लिनक्स बसवताना काय बिघडते आणि ते कसे दुरुस्त करावे, हा माझा विषय. विषय कोरडा वाटेल. पण पॉलिटेक्निकला किंवा माहिती-तंत्रज्ञानाच्या वर्गाला गेलेल्या आपल्या मुलामुलींची गाडी पहिल्याच सत्रात इथे अडते. गाडी अडल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतर घरात उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याने: "हे आपल्याला जमणारे नाही."

प्रथम थोडी ओळख. संगणकाचे सर्व भाग चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेक घरांत ती विंडोज असते. लिनक्स ही तशीच दुसरी व्यवस्था. तिचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत, ज्याचा आराखडा कोणालाही पाहता यावा, बदलता यावा आणि वाटता यावा असे सॉफ्टवेअर निर्माण करण्याचे काम जाहीर केले होते. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजचे लिनक्स उभे राहिले. ते विनामूल्य मिळते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. आपल्या सी-डॅक संस्थेनेही लिनक्सच्या आधारे बॉस नावाची प्रणाली तयार केली. तेव्हा आपल्या मुलांना हे शिकावयास सांगतात, ते काही हौस म्हणून नव्हे.

आता व्हर्च्युअल मशीन. समजा, रोह्याच्या एका घरात एकच जुना लॅपटॉप आहे. त्यात वडिलांच्या दुकानाचा हिशेब आहे, धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचे कागद आहेत, लग्नाचे फोटो आहेत. त्यावर नवी व्यवस्था बसवण्याचा प्रयोग करू देण्यास कोणता बाप धजेल? व्हर्च्युअल मशीन ही या पेचातून निघालेली वाट आहे. भातशेतीत एका खाचराला बांध घालून आपण पाणी तेवढ्यातच ठेवतो, त्याप्रमाणे लॅपटॉपची थोडी मेमरी आणि डिस्कवरची थोडी जागा बांध घालून वेगळी करावयाची आणि त्यात दुसरा संगणक आहे असे समजून चालवावयाचे. आयबीएम कंपनीने महागडे यंत्र अनेकांना वाटून देण्यासाठी १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांकरिता अशी व्यवस्था बाजारात आणली होती. आज व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमुळे ती घरच्या लॅपटॉपवर फुकट करता येते. आतले लिनक्स बिघडले तरी बाहेरच्या हिशेबाला धक्का लागत नाही.

मग अडचण येते कुठे? आपल्याकडचाच दाखला घ्या. दिव्याहून निघालेली गाडी रोह्याला आली नाही, तर गाडीला काय झाले असेल याचा तर्क करीत आपण बसत नाही. आपण विचारतो, पनवेल सोडले का? आपटा सोडले का? पेण आले का? नागोठणे? शेवटचे कोणते स्टेशन सुटले हे कळले की शोध तेवढ्याच टप्प्यात घ्यावयाचा उरतो. बिघाड शोधण्याची सारी विद्या यातच आहे. लिनक्सच्या गाडीचीही स्टेशने ठरलेली आहेत. ती क्रमाने पाहू.

पहिले स्टेशन म्हणजे लॅपटॉपची परवानगी. एका यंत्रात दुसरे यंत्र नीट चालवण्यासाठी प्रोसेसरमध्ये एक सोय असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तिला व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एएमडी-व्ही म्हणतात. अनेक लॅपटॉपमध्ये ती असते, पण बंद ठेवलेली असते. मशीन सुरू करताच व्हीटी-एक्स बंद असल्याचा संदेश येतो, किंवा यादीत ६४ बिटची लिनक्सच दिसत नाहीत. अशा वेळी लॅपटॉप पुन्हा सुरू करून, पडदा उजळताच कंपनीने नेमलेली कळ दाबून बायोसमध्ये जावे व व्हर्च्युअलायझेशनची नोंद चालू करावी. कळ बहुधा एफ-२, एफ-१० किंवा डिलीट असते. हे केल्यावरही मशीन फार संथ चालत असेल आणि खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसत असेल, तर विंडोजनेच ती सोय स्वतःच्या कामासाठी धरून ठेवली आहे असे समजावे. विंडोजमधील हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी ही याची नेहमीची कारणे. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. म्हणून ती बंद करण्यापूर्वी शिक्षकांना विचारावे. काम निभत असेल तर कासवही चालेल.

दुसरे स्टेशन म्हणजे उतरवून घेतलेली फाइल. लिनक्सची बसवण्याची फाइल कित्येक जीबींची असते. आपण ती मोबाइलच्या डेटावर उतरवतो, मध्येच रेंज जाते, आणि फाइल अपुरी किंवा दूषित राहते. दिसायला ती पूर्ण दिसते आणि बसवताना अर्ध्यावर कोसळते. विद्यार्थी तीन-तीन वेळा तीच नासकी फाइल बसवत राहतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो! याला उपाय आहे. ज्या ठिकाणाहून फाइल मिळते, तिथेच एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षर-अंकांची खूण दिलेली असते. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या फाइलची खूण काढावी आणि दोन्ही ताडून पाहाव्यात. एका अक्षराचाही फरक असेल तर फाइल टाकून द्यावी. एकाने चांगली फाइल मिळवली, की ती पेन ड्राइव्हवरून दहाजणांना देता येते. लिनक्सच्या बाबतीत असे वाटणे कायदेशीर आहे.

तिसरे स्टेशन वाटणीचे. लॅपटॉपची मेमरी ४ जीबी असताना त्यातली ३ जीबी लिनक्सला दिली, तर बाहेरचे विंडोज गुदमरते आणि दोघेही थांबतात. अगदीच कमी दिली, तर लिनक्स सुरू होतानाच कर्नल पॅनिक असा संदेश देऊन अडते. साधारण निम्म्याच्या पुढे जाऊ नये. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीसाठी ४ जीबी मेमरी आणि २५ जीबी जागा सांगितलेली आहे. तेवढी ज्यांच्याकडे नाही, त्यांनी लुबुंटू किंवा झुबुंटू ही हलकी रूपे घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. आज्ञा त्याच आहेत, अभ्यास तोच आहे. खऱ्या डिस्कवर मोकळी जागा आहे ना, हेही पाहावे. कारण आभासी डिस्क जसजशी भरते, तसतशी खऱ्या डिस्कवरची जागा खाते, आणि ती जागा संपली की मशीन मध्येच थांबते.

चौथे स्टेशन सर्वांत घाबरवणारे. बसवताना पडद्यावर विचारणा होते: संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवू का? मागून पाहणाऱ्या वडिलांना एवढेच कळते की डिस्क पुसली जाणार, आणि लॅपटॉप ताडकन बंद होतो. पालकहो, ही विचारणा व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत आली असेल, तर पुसली जाणार आहे ती आतली आभासी डिस्क. तुमचा हिशेब बांधाबाहेर सुरक्षित आहे. मात्र हीच विचारणा, पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप थेट सुरू केल्यावर, पूर्ण पडद्यावर आली, तर तिचा अर्थ शब्दशः घ्यावा. तिथे खरोखरच सर्व काही पुसले जाईल. दोन्हींतला फरक ओळखणे, हे या साऱ्या विषयातले सर्वांत मोलाचे ज्ञान होय. आणि मुलांनो, प्रयोग आतला असो की बाहेरचा, घरच्या महत्त्वाच्या कागदांची एक प्रत आधी दुसरीकडे ठेवा.

पाचवे स्टेशन म्हणजे रोहा. लिनक्स बसले, मशीन पुन्हा सुरू केले, आणि पुन्हा बसवण्याचाच पडदा आला! काही बिघडलेले नाही. बसवण्याची फाइल आभासी तबकडीच्या जागी तशीच अडकून राहिली आहे. ती काढून टाकावी. तबकडीही नाही आणि डिस्कवर काही बसलेलेही नाही, तेव्हा सुरू करण्याजोगे काही सापडत नाही असा संदेश येतो. पडदा काळाच राहिला, तर मशीनच्या डिस्प्ले विभागात व्हिडिओ मेमरी वाढवून पाहावी. चित्र चौकटीएवढेच लहान दिसत असेल, तर गेस्ट अॅडिशन्स नावाची जोड बसवावी. इंटरनेट लागत नसेल, तर नेटवर्कची जोडणी मूळच्या एनएटी प्रकारावर आहे ना, ते पाहावे. गाडी सुखरूप पोहोचली की लगेच स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जतन होते. पुढे काही बिघडले तर तिथवर परत येता येते.

ही झाली स्टेशने. यातली काही नावे उद्या बदलतील, नव्या आवृत्त्या येतील. रीत मात्र बदलणार नाही. तिचे तीन नियम आहेत.

पहिला नियम, संदेश वाचा. आपली मुले मराठी किंवा उर्दू माध्यमातून येतात. इंग्रजी ओळ दिसताच ती न वाचता खिडकी बंद करतात. वास्तविक या संदेशांत तेच पंधरा-वीस शब्द फिरून फिरून येतात. फेल्ड म्हणजे फसले, नॉट फाउंड म्हणजे सापडले नाही, परमिशन डिनाइड म्हणजे परवानगी नाही, नो स्पेस लेफ्ट म्हणजे जागा उरली नाही. ज्या दीनची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली, त्या दीनच्या मुलांनी समोर आलेली ओळ न वाचता डोळे मिटावेत, हे शोभत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही ऐकण्याची सोय केली आहे, तिचाही लाभ घ्यावा.

दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तरी कशाने झाले हे कळत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये गणिताचे ग्रंथ लिहिणाऱ्या अल-ख्वारिज्मींच्या नावावरूनच अल्गोरिदम हा शब्द आला. त्याचा अर्थ, पायरीपायरीने जाण्याची रीत. संगणकाच्या पायात हा शब्द आहे, आणि तो आपल्याला परका नाही.

तिसरा नियम, वहीत लिहा. काय दिसले, काय बदलले, काय झाले, एवढ्या तीन ओळी पुरेत. माझी संस्थेला नम्र सूचना आहे की ग्रंथालयात अशी एक सामाईक वही ठेवावी. पेणच्या मुलाला आज जे अडले आणि सुटले, ते रोह्याच्या मुलीला उद्या वाचावयास मिळावे. प्रत्येकाने पहिल्या स्टेशनापासून एकट्याने ठेचा का खाव्यात?

पालकांना शेवटी एक विनंती. मूल तीन तास काळ्या पडद्यासमोर बसले आणि हाती काही लागले नाही, तर ते वेळ वाया घालवीत आहे असे समजू नका. शोध घेण्याची सवय त्याच तीन तासांत लागते. पुढे कारखान्यात, बँकेत, इस्पितळात, जिथे यंत्र अडेल तिथे याच सवयीला पगार मिळणार आहे. आणि घरात लॅपटॉप एक व मुले दोन असतील, तर तो आपोआप मुलाकडे जातो, मुलीने मात्र स्वयंपाक आटोपल्यावर उरल्या वेळेत बसावयाचे, ही वाटणी न्यायाची नाही. तास वाटून द्या. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. तेथवर पोहोचण्याची पात्रता मुलीत आहे की नाही, हे तिला यंत्राला हात लावू दिल्यानंतर ठरवा.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणाची गाडी अडली, तर "मला जमत नाही" असे सांगत शिक्षकांकडे जाऊ नका. "सर, पेणपर्यंत आली आहे, नागोठण्याला पोहोचत नाही, आणि पडद्यावर हे शब्द दिसतात," असे सांगत जा. असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे निम्मे काम झालेले असते, आणि त्याला मदत करावयास कोणताही शिक्षक आनंदाने पुढे येतो.

 अल्लाह तआला आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.