पापलेटचा वाटा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाचा सराव नाही. पण वीस-बावीस वर्षे बाजारातून मासळी आणते आहे, तेव्हा तिच्याविषयीच चार शब्द बोलते.

माझे लग्न झाले तेव्हा सासूबाई आणीत ते पापलेट ताटात मावत नसे. आता तसल्याला हात लावायची सोय नाही. म्हणून मी तळहाताएवढ्या पापलेटांचा वाटा घेऊ लागले. आठ-दहा नग येतात, मुले खूष. एकदा ते साफ करताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकातही गाभोळी नाही. ही तर पोरं!"

ते शब्द मला लागले. मासा एकदाही अंडी न घालता तव्यावर आला, तर पुढच्या वर्षी समुद्रात येणार काय? (गाभोळीचा मासा आपण मागून घेतो, तेही आलेच म्हणा.) बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लेही सापडतात आणि आपण घेतो म्हणून ती विकली जातात. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा ठरवले. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची 135 मिलिमीटर आहे. मी मुलाची पट्टी लावून पाहिली. माझा वाटा भरला नाही.

कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ कॉड नावाचा मासा अमाप होता. मोठमोठ्या बोटी आल्या. 1968 साली सुमारे 8 लाख टन मासा काढला. 1992 साली मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला 2024 साल उजाडले.

आमच्या कोळीणमावशींना मी म्हटले, "लहान नको." त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही नाही घेतलं तर दुसरी घेईल. डिझेलचे पैसे कोण देणार?" मला उत्तर सुचले नाही. त्यांच्यावर मी रागावणार कशी? तेव्हापासून मी पापलेट महिन्यातून एकदाच घेते, पण मोठे घेते. घरात कुरकुर होतेच.

आजच्या आपल्या जेवणाचे पापलेट मीच पट्टी लावून आणले आहे. नग कमी आहेत. कुणाच्या पानात शेपटीकडचा तुकडा आला तर रागावू नये.