पश्मिन्याचे मूल्य आणि पशुपालकाचा वाटा

पश्मिना शाल जगभर ओळखली जाते ती काश्मीरच्या नावाने. तिचा तंतू मात्र प्रामुख्याने लडाखच्या चांगथांग पठारावरून येतो. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवर चांगपा पशुपालक तेथे शेळ्यांचे कळप राखतात. कडाक्याच्या थंडीत या शेळ्यांच्या राठ केसांखाली तलम लोकर वाढते. तिची जाडी साधारणतः १२ ते १५ मायक्रॉन असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती सुटू लागली, की मेंढीप्रमाणे न कातरता फणीने विंचरून काढतात. एका शेळीपासून वर्षाला जेमतेम पाव किलो कच्ची लोकर मिळते. तीतील राठ केस व धूळ काढल्यावर वजन निम्म्याच्या आसपास उरते.

सफाई, सूतकताई व विणकाम या प्रत्येक टप्प्यावर मूल्य वाढते. परंतु ते बहुतांशी पठारापासून दूर जमा होते. जोखीम मात्र पठारावरच राहते. २०१३ मधील हिमवृष्टीत चाऱ्याअभावी हजारो करडे दगावली. शिक्षण व रोजगारासाठी अनेक कुटुंबे लेहकडे स्थलांतरित झाली आहेत.

लडाखच्या पश्मिन्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे स्वागतार्ह आहे. तथापि केवळ मानांकनाने पशुपालकाचे उत्पन्न वाढत नाही. त्यासाठी विंचरणीच्या ठिकाणीच प्रतवारी, तलमपणानुसार दर, लडाखमध्येच अधिकाधिक सफाई व कताई आणि हिवाळ्यासाठी चाऱ्याचा साठा या चार गोष्टी एकत्र साधाव्या लागतील. त्या साधल्या, तरच चांगपांची पुढील पिढी हा व्यवसाय स्वेच्छेने स्वीकारील.