जुनी खोली पाडू नका!
(वर्धापन दिनाच्या सभेतील भाषण)



वर्धापन दिनाला चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी मात्र थोडं कडू बोलणार आहे, गोड मानून घ्या. नव्या विहाराचा नकाशा तयार झाला, आनंद आहे. पण त्यासाठी आपली जुनी पत्र्याची खोली पाडायचं ठरतंय. माझी हात जोडून विनंती आहे, ती पाडू नका.

ही खोली म्हणजे वाडवडिलांचा तक्क्या. पंचायत इथं भरायची, पाहुणा इथं उतरायचा. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर इथंच बुद्धाची तसबीर लागली आणि तक्क्याचा विहार झाला. कंदिलाच्या उजेडात आमची पिढी इथं अक्षरं गिरवायला शिकली. परवा एक आजी म्हणाल्या, "बाबा, देव सोडले ते ह्याच उंबऱ्यावर. उंबराच गेला तर नातवाला काय दावू?" मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याच शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा आहे. 1818 च्या लढाईचा जयस्तंभ त्याच्या जवळच उभा होता, म्हणून 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथं आले आणि दबलेला इतिहास पुन्हा बोलू लागला. लंडनमध्ये 1921-22 साली ते ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनानं 2015 साली घेऊन तिथं स्मारक केलं. हरकती आल्या, संग्रहालयाची रीतसर परवानगी मिळायला 2020 साल उजाडलं. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू आहेत. बाबासाहेबांचं जतन होतंय, झालंच पाहिजे. पण आपल्या आज्या-पणज्यांचं कोण जपणार?

मी शहाणपणा शिकवत नाही. वडील वारल्यावर त्यांची ट्रंक मीच भंगारवाल्याला घातली. तिच्यात जलशाच्या गाण्यांची वही होती, हे नंतर चुलत्यांनी सांगितलं. ती वही आता कुठून आणू?

म्हणून सांगतो, खर्च फार नाही. पत्रे बदला, भिंतीची ओल थांबवा. घराघरांतून वर्गणीच्या वह्या, समता सैनिक दलाच्या टोप्या, दौंडच्या रेल्वेत राबलेल्यांचे बिल्ले, बत्त्या गोळा करा. फोटोच्या मागं हलक्या हातानं पेन्सिलीनं नावं लिहा. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. वस्तू कुणी दिली, कधी दिली, तिची हकिकत काय, हे नोंदवहीत मांडा. नोंद नसली की वस्तूची अडगळ होते. तरुण मंडळानं दर रविवारी एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर घ्यावं. माणसं थांबत नाहीत, बाबांनो!

नवा विहार जरूर बांधू. फक्त नकाशा चार पावलं मागं सरकवा. जुन्या खोलीची पहिली वर्गणी माझी. नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्या आजींचं नाव लिहा आणि उंबऱ्याची हकिकत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

 जयभीम! नमो बुद्धाय!