आपत्काळातला पैसा आणि संसदेचा जाब



२६ मार्च १९०२. स्थळ कलकत्ता, व्हाइसरॉयचे कायदेमंडळ. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर प्रथमच बोलायला उभे राहतात. मुंबई इलाखा १८९६ पासून प्लेगने पोखरलेला, १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेलेला आणि सरकारी खजिना मात्र शिलकीत! गोखल्यांनी नेमके त्या शिलकीवर बोट ठेवले. प्रजा हवालदिल असताना तिजोरीत पैसा उरतो, याचा अर्थ सरकार गरजेहून अधिक कर वसूल करते आहे, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. सभासदांना तेव्हा अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नव्हता. १८९२ च्या कायद्याने केवळ चर्चेची मुभा दिली होती. मिठावरील कर उतरवा, ही त्यांची एक मागणी. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

मताचा अधिकार नसलेल्या सभेत एका अभ्यासू माणसाचा प्रश्न इतके करू शकतो. मग मताचा, समित्यांचा आणि लेखापरीक्षणाचा पूर्ण अधिकार हाती असलेली संसद साथीच्या काळात काय करते? ज्या ब्रिटनच्या धर्तीवर आपली संसदीय वित्तव्यवस्था बेतली गेली, तेथील २०२० नंतरचा अनुभव या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगा आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने ब्रिटनला गाठले. सरकारला अचानक लागणाऱ्या पैशासाठी तेथे आकस्मिकता निधी असतो आणि त्याची मर्यादा आदल्या वर्षी संसदेने मंजूर केलेल्या खर्चाच्या दोन टक्के. २४ मार्च रोजी कॉमन्स सभागृहाने एका दिवसात कायदा संमत करून ही मर्यादा तात्पुरती पन्नास टक्क्यांवर नेली. दोनाचे पन्नास! शतकानुशतके राजाच्या पैशावर पहारा देत आलेल्या सभागृहाने त्या दिवशी पहारा सैल केला. आणि ते योग्यच होते. घराला आग लागली असता पाण्याच्या बादल्या मोजत बसणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

पैसा मग ओतला गेला. टाळेबंदीत घरी बसवलेल्या कामगाराच्या वेतनाचा ८० टक्के भाग, महिना कमाल अडीच हजार पौंड, सरकारने सोसला. ही योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली, १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला आणि सुमारे ७० अब्ज पौंड खर्च झाले. मालकांनी दरमहा कर खात्याला कळवायची वेतनपत्रके आधीपासूनच संगणकावर होती. त्यात ज्याचे नाव, त्याच्याच नावाने मदत. म्हणून ही योजना त्यातल्या त्यात आटोक्यात राहिली. परंतु याच काटेकोरपणामुळे कित्येक जण कुंपणाबाहेर राहिले. वेतन आणि स्वयंरोजगार या दोन्ही योजनांत न बसणाऱ्यांची संख्या २९ लाखांपर्यंत असावी, असे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे योजना चालू असतानाच, सांगितले. लेखापरीक्षक केवळ चोर शोधतो, असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

लहान व्यावसायिकांच्या कर्जयोजनेची कथा मात्र निराळी आहे आणि आजच्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. ४ मे २०२० रोजी ही योजना खुली झाली. कर्ज ५० हजार पौंडांपर्यंत, हमी शंभर टक्के सरकारची, अर्जातील माहिती अर्जदारानेच प्रमाणित करायची. बँकेचा एक पैसाही धोक्यात नाही; मग ती कशाला खोलात जाईल? योजना राबवणाऱ्या सरकारी बँकेच्या प्रमुखांना हा धोका दिसत होता. योजना सुरू होण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मंत्र्यांना पत्र लिहून फसवणुकीचा आणि कर्जबुडवेगिरीचा धोका फार मोठा असल्याचे कळवले आणि पुढे जायचे असल्यास लेखी आदेश द्यावा, असे म्हटले. मंत्र्यांनी आदेश दिला.

ही प्रथा समजून घ्यावी. ब्रिटनमध्ये खात्याच्या पैशाला खात्याचा प्रमुख अधिकारी व्यक्तिशः संसदेला जबाबदार असतो. एखादा खर्च पैशाचे मोल राखणारा नाही, असे त्याला वाटले तर तो लेखी आदेश मागतो. आदेश मिळाला की तो निमूटपणे पाळतो, परंतु जबाबदारी त्या क्षणी मंत्र्याच्या खांद्यावर जाते आणि तो कागद महालेखापरीक्षकांकडे व संसदेच्या लोकलेखा समितीकडे पोहोचतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये हॉटेलांतील जेवणावर सवलत देणारी योजना आली, तेव्हाही कर खात्याच्या प्रमुखांनी असाच आदेश मागून घेतला होता. त्या एका महिन्याच्या मेजवानीला सुमारे ८५ कोटी पौंड लागले.

कोणी म्हणेल, कागद लिहून काय साधले? कर्जातली फसवणूक थोडीच थांबली? ती थांबली नाही, हे खरेच. सुमारे ४७ अब्ज पौंडांची कर्जे वाटली गेली आणि मार्च २०२१ पर्यंतच्या हिशेबानुसार फसवणुकीचा अंदाज ४.९ अब्ज पौंड निघाला. परंतु त्या कागदामुळे 'आम्हाला कल्पनाच नव्हती' असे म्हणण्याची सोय कोणालाही उरली नाही. १८६१ पासून काम करणाऱ्या आणि परंपरेने विरोधी पक्षाच्या अध्यक्षतेखाली चालणाऱ्या लोकलेखा समितीने अधिकाऱ्यांना वारंवार बोलावून जाब विचारला. अखेर २४ जानेवारी २०२२ रोजी लॉर्ड्स सभागृहात अपहार-प्रतिबंधाचे काम पाहणारे मंत्री लॉर्ड अ‍ॅग्न्यू सरकारच्या बाजूने उत्तर द्यायला उभे राहिले आणि या कारभाराचे समर्थन आपल्याच्याने होणार नाही असे सांगून तेथल्या तेथे राजीनामा देऊन बाहेर पडले. सत्ताधारी पक्षाचाच मंत्री!

मुखपट्ट्या आणि संरक्षक पोशाखांच्या खरेदीत तर लाज वाटावी असे प्रकार झाले. खासदार, मंत्री, वरिष्ठ अधिकारी यांच्या शिफारशीने येणाऱ्या पुरवठादारांसाठी वेगळी वाट होती. त्या वाटेने आलेल्या दहांपैकी एकाला कंत्राट मिळाले. सामान्य वाटेने आलेल्या शंभरांत एकालाही नाही. २०२०-२१ मध्ये या सामग्रीवर १२.१ अब्ज पौंड गेले, त्यांपैकी ८.७ अब्जांचे मूल्य हिशेबातून कमी करावे लागले. हे सारे लेखापरीक्षकांच्या अहवालांतून आणि समितीच्या चौकशीतून देशापुढे आले.

आता आपल्या घरात डोकावू. २३ मार्च २०२० रोजी लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना संमत केले आणि अधिवेशन आवरते घेतले. सर्व पक्षांची त्याला संमती होती. पुढे ८० कोटी लोकांना दरमहा पाच किलो धान्य मोफत मिळाले, सुमारे २० कोटी भगिनींच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे रुपये थेट जमा झाले. ब्रिटनच्या वेतनपत्रकांनी तेथे जे साधले, ते येथे आधीच उघडलेल्या खात्यांनी साधले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. संसद पुन्हा भरली ती १४ सप्टेंबरला. दहा दिवसांच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, लेखी उत्तरे तेवढी होती. आणि सुमारे २ लाख ३५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या त्यातच संमत झाल्या. हिवाळी अधिवेशन झालेच नाही. कॉमन्सच्या समित्या दूरदृश्य माध्यमातून साक्षी घेत असताना आपल्या समित्यांना गोपनीयतेच्या नियमापायी तशी अनुमती मिळाली नाही.

आपली लोकलेखा समिती १९२१ सालची आहे. १९६७ पासून, मिनू मसानींपासून, तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असते. लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींची शंभर टक्के हमीची कर्जयोजना मे २०२० मध्ये आपल्याकडेही आली आणि तिची मर्यादा पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढली. हमी ही गोष्ट मोठी फसवी असते. देताना तिजोरीतून दमडी जात नाही, म्हणून अंदाजपत्रकात ती डोळ्यांत भरत नाही. कर्ज बुडाले की मग समजते. तिची विचारपूस देतानाच व्हायला हवी. पीएम केअर्स निधीचे लेखापरीक्षण सनदी लेखापालाकडून होते, महालेखापरीक्षकांकडून नाही. त्यात अर्थसंकल्पाचा पैसा नाही, हे त्याचे कारण सांगितले जाते. कारण कायद्याला धरून असेल, परंतु वस्तीत शिध्याची पाकिटे वाटणारा कार्यकर्ताही संध्याकाळी वही चारचौघांपुढे ठेवतो.

आपल्याकडेही सचिव हा आपल्या मंत्रालयाचा प्रमुख लेखा प्राधिकारी असतो. वरिष्ठाने तोंडी आदेश दिला तर तो लेखी घ्यावा, असे सनदी सेवांच्या आचारनियमांतही आहे. म्हणजे कागद आपल्याकडेही तयार होऊ शकतो. ब्रिटनमध्ये तो आपण होऊन लोकलेखा समितीच्या टेबलावर जातो. आपल्याकडे तो नस्तीत राहतो आणि महालेखापरीक्षकांनी ती नस्ती मागवली, तरच उजेडात येतो.