पदवीचे प्रकल्प कपाटात का राहावेत?



शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहाससंशोधक; 'ताराबाईकालीन कागदपत्रे' त्यांनीच संपादित केली. तेव्हा विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा आजचा विषय राजर्षी शाहू महाराजांच्या या करवीरनगरीला परका नाही.

गेल्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा प्रकल्प माझ्या वाचनात आला. गावच्या प्राथमिक शाळेचे जुने जनरल रजिस्टर तिने पानोपान वाचले होते. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात मुलांपुढे 'गुरे राखणे', 'परगावी गेला' अशी नाना कारणे. मुलींपुढे मात्र पानेच्या पाने 'घरकाम'. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे आपण सगळेच शिकवतो. पण पुढच्या काळात एका गावातल्या वर्गातून कोण गळाले आणि का, ते या मुलीने नोंदींनिशी मांडले. तोंडी परीक्षा झाली, गुण मिळाले, प्रकल्प कपाटात गेला. उद्या तो रद्दीत जाईल.

हे मला सोसवत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स पदवी आणली, १२ क्रेडिटांचा प्रबंध आणला. लिहिणारे वाढतील, वाचणार कोण? पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके तर पोरांना गाठायला टपलेलीच आहेत. म्हणून विद्यापीठानेच निवडक लेखांचा वार्षिक अंक काढावा. प्रत्येक लेख दोन जाणकारांनी वाचावा, मोडीचे वाचन मुळाशी ताडून पाहावे, समासात 'पुरावा काय?' असे विचारून लेख खुशाल परत पाठवावा. त्या एका प्रश्नाने विद्यार्थी जेवढा घडतो, तेवढा वर्षभराच्या व्याख्यानांनी घडत नाही, असे माझे ठाम मत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांच्या पाठीशी विद्यापीठ नव्हते. आपल्यापाशी ते आहे.

मार्गदर्शकांना हात जोडून एक विनंती: लेखावर नाव विद्यार्थ्याचेच असू द्या, आपले ऋणनिर्देशात येईल. आणि कुलगुरू महोदय, पहिल्या अंकाच्या छपाईचा खर्च आमची स्वागत समिती उचलेल. संपादक मंडळाची घोषणा आपण उद्याच्या समारोपात करावी, ही आग्रहाची विनंती.