ग्रेडरची बोटे आणि कापसाची पत
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भ्रष्टाचार म्हटले की आपण मोजायला लागतो, कोणी किती खाल्ले. अमक्या पुढाऱ्याने इतके कोटी, तमक्या साहेबाने इतके हजार. खाल्लेला पैसा हा लहान तोटा आहे. मोठा तोटा वेगळाच आहे, आणि तो कापूसवाल्याला समजावून सांगावा लागू नये.

एकाधिकार खरेदी आठवा. 1971 चा कायदा, 1972 पासून योजना. महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारलाच घालायचा. हद्दीपलीकडे आंध्रात, मध्य प्रदेशात नेला तर गुन्हा. कापूस आपला, आणि चोरही आपणच! व्यापारी लुटतो म्हणून योजना आली. हेतू वाईट नव्हता असे धरून चालू. पण गिऱ्हाईक एकच उरले की त्या गिऱ्हाइकाचा नोकर आपला मालक होतो. संकलन केंद्रावर गाड्यांची रांग, थंडीत मुक्काम, आणि शेवटी ग्रेडर गाडीत हात घालून सांगणार, माल वरचा की खालचा. त्याच्या बोटांवर अपील नाही.

आता बघा. एका बाईने दव ओसरल्यावर, पाला-काडी येऊ न देता कापूस वेचला, कवडी वेगळी काढली. दुसऱ्याने सगळे एकत्र ओढले, वर पाणी मारले आणि ग्रेडरच्या हातावर नोट ठेवली. वरचा ग्रेड कोणाला मिळाला? मग पुढच्या वर्षी ती बाई कवडी कशाला वेगळी काढेल? वेचणीला जास्त मजुरी कशाला मोजेल? असे हजारोंनी केले की गाठीत कचरा येतो, आणि गिरणीवाला आपली गाठ म्हटली की आधीच भाव पाडून मागतो. ज्याने लाच दिली नाही, त्याच्याही कापसाची पत गेली. हा तो मोठा तोटा. चांगले काम करणे परवडेनासे होते. पाझर तलावात आणि शाळेच्या इमारतीतही हेच घडते, पण तो विषय वेगळ्या भाषणाचा.

बाहेर भाव चढला की कापूस चोरवाटेने राज्याबाहेर जायचा. बाहेर पडला की परराज्यातला व्यापाऱ्याचा कापूस आपल्या केंद्रावर, शेतकऱ्याच्या नावाने. योजना बुडीत गेली आणि बोल लागला आपल्याला, की शेतकऱ्यांना पोसून सरकार बुडाले! 2002 मध्ये खाजगी खरेदी खुली झाली.

म्हणजे सुटलो का? सीसीआयच्या केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे माल परत. नियम ठीक आहे. पण यंत्र गाडीच्या कोणत्या थरात खुपसायचे, हे ठरवणारा एकच. बाजारभाव हमीभावाखाली असेल त्या वर्षी गिऱ्हाईकही तेच एक. ज्वारीच्या केंद्रावर बारदाना संपतो, तोही नेमका लहान शेतकऱ्याची पाळी आली की. प्रामाणिक माणसे नेमा, असे शहाणे लोक सांगतात. जिथे वर्षाची कमाई एका माणसाच्या होकारावर अडते, तिथे प्रामाणिक माणसाला टिकू कोण देतो?

आणि रागावू नका, पण आपल्यातलेच काही जण क्विंटलमागे चार पैसे घेऊन व्यापाऱ्याला सातबारा वापरायला देतात. शेजाऱ्याची गाडी रांगेत मागे ढकलली जाते ती त्यांच्यामुळे.

या हंगामात गावोगावी एवढे करा. यंत्र तुमच्या डोळ्यांदेखत, वेगवेगळ्या थरांत लावायला सांगा. ओलाव्याचा आकडा पावतीवर लिहून घ्या. हंगाम संपला की 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांचा अर्ज लावा आणि आपल्या गावातून कोणाच्या नावे किती क्विंटल विकला गेला, त्याची यादी मागा. ती चावडीवर वाचा. ज्याच्या दोन एकर कोरडवाहूत शंभर क्विंटल पिकले असेल, त्याला उभे करून विचारा, बाबा, बियाणे कोणते होते?